शिंप्याचं बिऱ्हाड

माझ्या हाताला गुण आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी लावलेलं रोप मरत नाही. म्हणूनच आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गावामागची बोडकी टेकडी पुन्हा जंगलाची करायचं मनावर घेतलं आणि स्वयंसेवक गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत आडवा पडल्या पडल्याच हात वर केला. टेकडीवरची मूळची झाडं घरी वाढवीन, पाऊस लागला की पोचती करीन, पण मोजकीच द्या, असं मी म्हणालो. अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे शेवटचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले नसावेत. दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा राहिला.

बायको तो रिकामा होताना नुसती बघत होती. गॅलरी भरली. कपडे वाळत घालायची दोरी गेली. सासरेबुवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे विश्रांतीला आले होते आणि गॅलरीतली आरामखुर्ची हा त्यांचा एकमेव विरंगुळा होता. ती खुर्ची दारापर्यंत मागे आली. पावसाळ्यापर्यंतच, असं मी दोघांना कबूल केलं.

पण रोपं काय वाढली म्हणता! दुपारी ऊन पानांतून गाळून आत यायचं आणि सगळी खोली हिरवी होऊन जायची. भिंतीवर पानांच्या सावल्या पोहत असायच्या. तळ्याच्या तळाशी बसून चहा पितोय असं वाटायचं. माणसं आपोआप हळू बोलायला लागली. सासरेबुवांना तर वर्तमानपत्राचं पहिलं पान संपायच्या आत झोप लागायची.

रोपं टेकडीवर न्यायला टेम्पो यायच्या आदल्या दिवशी सकाळी मला एका रुंद पानांच्या रोपावर रोग दिसला. दोन पानं एकमेकांना चिकटली होती, कडेला भोकं पडली होती आणि आत काहीतरी पांढरं भरलं होतं. रोग पसरायच्या आत ती पानं छाटावीत म्हणून मी कात्री घेतली. बायको म्हणाली, आधी विचारून घ्या. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळी लक्षणं सांगितली. त्या कुणाची तरी दाढ उपटत असाव्यात, मागे कण्हणं ऐकू येत होतं. तेही थांबलं.

"कात्री खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "पानं शिवलीत का बघा."

बघतो तर खरंच टाके घातलेले! शिंपी पक्ष्याचं घरटं होतं ते. आतला कापूस सासरेबुवांच्या उशीतला होता. उशी फाडल्याबद्दल बायको दोन दिवस वडिलांना बोलत होती, तिने त्यांची माफी मागितली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, अंडी पाहून गेल्या आणि जाताना आमच्या घराचा ताबा घेऊन गेल्या. पिल्लं उडेपर्यंत एकही रोप हलवायचं नाही. गॅलरीत जायचं नाही. आवाज करायचा नाही. उद्याच्या टेम्पोचं काय, असं मी विचारलं. टेकडीवर झाडं लावायची ती कोणासाठी, असं त्यांनी उलट विचारलं. थोडक्यात, टेकडीचं जंगल आमच्या गॅलरीत अडकलं.

मिक्सर बंद झाला. कपडे न्हाणीघरात वाळू लागले. आम्ही नवरा-बायको कुजबुजत बोलू लागलो आणि कुजबुजत भांडता येत नाही हे आमच्या लक्षात आलं, त्यामुळे ते दिवस फार गोड गेले. स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन आमच्या बैठकीत येऊन बसायचे.

गॅलरीच्या पलीकडे समोरच्या पहिलवानांची खिडकी होती. त्यांची व्यायामशाळा आहे. ओळीने रोखलेल्या दुर्बिणी पाहून त्यांचा व्हायचा तो समज झाला आणि ते बाह्या सरसावून आमच्या दारात आले. मी ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. ते इतके गोंधळले की रागसुद्धा कुजबुजत काढू लागले. मी त्यांच्या हातात दुर्बीण दिली. त्यांच्या अंगठ्याएवढा पक्षी चोचीत अळी घेऊन आला आणि पानाच्या पिशवीतून तीन तोंडं वर उघडली. पहिलवानांच्या बाह्या खाली आल्या. आमच्या खिडकीतून याहून चांगलं दिसेल, असं म्हणून ते सगळ्यांनाच आपल्या घरी घेऊन गेले.

आता इकडची राखण माझ्याकडे आली. बिल्डिंगमधल्या बोक्यावर नजर ठेवायची. मी सासरेबुवांच्या खुर्चीत, गॅलरीच्या उघड्या दारात बसलो. वारा होता, पानं हलत होती आणि ती हिरवी दुपार डोळ्यांवरून वाहत होती. मला स्वप्न पडलं. मी टेकडीवरचं झाड झालो होतो. पायांतून मुळं उतरली होती. काहीतरी उबदार, अगदी हलकं असं माझ्या माथ्यावर येऊन बसलं. हललो तर उडेल म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

जाग आली तेव्हा घरटं रिकामं होतं.

बोका! मी कुंड्यांमागे पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, रांगत रांगत पलंगाखाली शिरलो. घरात कोणीच नव्हतं. तेवढ्यात दार उघडलं. बायको, सासरेबुवा, डॉक्टरीणबाई, पहिलवान, सगळे आत आले आणि सगळ्यांचे डोळे ओले होते. मी पलंगाखालूनच हात जोडले. मला झोप लागली, पिल्लं गेली, आणि मी मात्र झाड होऊन डोक्यावर पाखरू बसल्याचं स्वप्न बघत होतो, असं सांगताना मला रडूच आलं.

"अहो, ते स्वप्न नव्हतं," बायको म्हणाली.

पहिलं पिल्लू उडालं कसलं, पडलंच, आणि थेट माझ्या टकलावर उतरलं. आईने त्याला दोनदा तिथेच भरवलं. मग बाकीची दोन बाहेर आली आणि तिघं मिळून समोरच्या झाडावर गेली. हे सगळ्यांनी पहिलवानांच्या खिडकीतून पाहिलं. पहिलवान मला हाक मारणार होते, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांचं तोंड दाबून धरलं. सासरेबुवांनी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी रोपं टेकडीवर गेली. माती दाबताना वारा सुटला, इवलीइवली पानं हलली, आणि मी मनातल्या मनात पुन्हा थोडा वेळ झाड होऊन घेतलं. सगळी जगली आहेत.

तो फोटो डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात मोठा करून लावला आहे, टेकडीसाठी आणखी स्वयंसेवक मिळावेत म्हणून. मी त्यात गाढ झोपलोय, माथ्यावर पिल्लू आहे आणि तोंड उघडं आहे. येणारे पेशंट तो निरखून बघतात आणि यांची कुठली दाढ काढलीत, असं विचारतात.