शेवंतीवयनींचं बेट

गोव्यातल्या सर्वणच्या शेवंतीवयनी तुळशीचं लग्न लागलं की चौथ्या दिवशी घर सोडून समुद्रातल्या एका बेटावर राहायला जायच्या. बरोबर तंबू, पाण्याचे दोन कॅन, उकडे तांदूळ, सुकी मासळी आणि पोदेराच्या भट्टीतले पाव. चार दिवसांनी उन्हानं करपून परत यायच्या आणि काही झालंच नाही अशा थाटात चुलीपुढे बसायच्या. वय पंचावन्नच्या पुढे, अंगावर काष्ट्याचं लुगडं. पोहता अजिबात येत नव्हतं.

घरचे लोक विचारणाऱ्याला ‘माहेरी गेल्यात’ असं सांगायचे. ते निम्मं खरं होतं. वयनींचं माहेर मांद्र्याचं, भाऊ होडी घेऊन मासे मारणारा. माहेरी त्या चहा घ्यायच्या, भावजयीला नारळ द्यायच्या आणि भावाच्या होडीत बसून पुढे निघायच्या. मी त्यांच्या शेजारची. गावच्या शाळेत शिकवत होते, आणि आमचं अंगण त्यांच्या अंगणाला लागून होतं. एकदा विचारलं, “माहेरच्या घरीच का नाही राहत?”

“थंय रवल्यार चुलीफुडेच बसूचा लागता बाय,” त्या म्हणाल्या. “मगे हंयचीच चूल काय वायट?”

तंबू त्यांनी स्वतः शिवलेला. खाणीच्या ट्रकवर घालतात ती जुनी ताडपत्री त्यांनी कुठूनशी मिळवली आणि दाभणानं टाके घातले. डिचोलीच्या खाणींची लाल माती तिच्यात इतकी मुरली होती, की ओढ्यावर चार वेळा धुऊनही तंबू विटकरीच राहिला. दिवाळी झाली की अंगणात त्याची तालीम व्हायची. गुरं बुजायची. वयनी आत शिरून तासभर बसून राहायच्या. एकदा पोस्टमननं रजिस्टर पत्र आणलं ते तंबूच्या दारातून आत सरकवलं आणि वयनींनी आतूनच सही केली.

वाऱ्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. वाळूत खुंटी उभी ठोकायची नाही. नारळाच्या झावळीचा दांडा आडवा पुरायचा आणि त्याला दोरी बांधायची. तंबूचं तोंड वाऱ्याकडे करायचं नाही. आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एक ठरलेलं उत्तर असायचं, “तां वाऱ्याक विचार.” जेवायला काय आहे, डिचोलीची बस गेली का, पाहुणे किती दिवस राहणार, काहीही विचारा, वयनी पदर सारखा करत म्हणायच्या, “तां वाऱ्याक विचार.” वाड्यावरची पोरं त्यांची नक्कल करायची. वयनीही हसायच्या.

त्या विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. घर दोन दिरांचं. मोठे वासूभाऊ, धाकटे रघूभाऊ. राज्याची भाषा मराठी की कोकणी, हा वाद पेटला तसे दोघे दोन बाजूंना गेले. वासूभाऊ मराठीसाठी भांडायचे, ते कोकणीतून. रघूभाऊ रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून कोकणीच्या बाजूनं उभे राहायचे. एका दुपारी जेवताना शब्दानं शब्द वाढला आणि भावाभावांनी बोलणं टाकलं. पुढे गोव्याचं राज्य झालं, मिरवणुका निघाल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. या घरात मात्र एक भाऊ पडवीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मधे निरोप पोचवायला वयनी.

वयनी निरोप पोचवायच्या ते भलतेच. वासूभाऊंनी सांगितलं, “त्याका सांगा, पंपाचो पट्टो तुटलो.” वयनी जाऊन रघूभाऊंना म्हणाल्या, “वासून विचारल्यान, तुझ्या पोटाक आतां बरां आसा मां?” रघूभाऊ चपापले, कारण त्यांचं पोट खरंच आठवडाभर बिघडलं होतं. त्या संध्याकाळी ते आपणहून मळ्यात गेले आणि पंपाचा तुटलेला पट्टा दिसला तो बदलून आले. असं कितीदा तरी झालं. भाऊ बोलत नव्हते, पण घर मोडतही नव्हतं.

राज्य झाल्यानंतरच्या वर्षी दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं, तेही माझ्यामार्फत. वयनींनी आता एकटीनं जायचं नाही. मग ठरलं की शाळेत रजा टाकून मी बरोबर जावं.

मांद्र्याहून होडीनं तासभर लागला. बेटाला नाव नव्हतं, लोक नुसतं ‘जुवो’ म्हणायचे, म्हणजे बेटच. एक लांबट वाळूचा पट्टा, मधे मर्यादवेलीचं हिरवं जाळं, एका टोकाला काळे खडक. झाड एकही नाही, सरपण आणि झावळ्यांचे दांडे आम्ही होडीतूनच आणले होते. वाळू इतकी बारीक, की वारा सुटला म्हणजे जमिनीवरून धूर वाहतोय असं वाटावं. होडी परत गेली आणि जगात आम्ही दोघीच उरलो. समोर समुद्र, मागे समुद्र, त्याच्याही मागे पेडण्याच्या डोंगरांची निळी रेघ. आपण जागे आहोत की दुपारच्या झोपेत, हेच मला पहिले दोन दिवस नीट कळलं नाही. पाण्याचा रंग घडीघडीला बदलायचा आणि पावलांचे ठसे मागे वळून बघेपर्यंत पुसून जायचे.

वारा अखंड होता. वीतभर अंतरावरून बोलायचं तरी ओरडावं लागायचं.

“वयनी, पेज उतू जातेय.”

“जाऊंदी, खालचो जाळ काढ.”

“वयनी, ते पांढरे पक्षी कसले?”

“सुरय गो ती. मासो दिसलो काय खाली पडता.”

तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की इथे आल्यापासून त्यांनी एकदाही मला वाऱ्याला विचारायला सांगितलं नव्हतं. प्रत्येक प्रश्नाचं नेमकं उत्तर. त्या दुपारी आम्ही तंबूत आडव्या झालो. ताडपत्रीच्या आड वाऱ्याचा आवाज कमी होता, म्हणून मी साध्या आवाजात विचारलं, “वयनी, पाणी पुरेल ना?” त्या माझ्याकडे पाठ करून पडल्या होत्या. हलल्या नाहीत. मी परत विचारलं. मग उठून समोर गेले. त्या जाग्या होत्या.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलंय हे ओळखलं.

“चार वर्सां झाली,” त्या म्हणाल्या. “कोणयी बोलाक लागलो काय भिंतीपलतडचां आयकतंय तशां वाटता. हंय बरां. हंय सगळेच बहिरे.”

“घरी का नाही सांगितलं? डॉक्टरला दाखवलं असतं.” मी मोठ्यानं म्हणाले.

त्या बोटांनी वाळू चाळू लागल्या. “वासू रघूक सांगूचां तां माका सांगता. रघू वासूक सांगूचां तां माका सांगता. दिसाक आठ-धा खेपे कोणतरी माझ्या म्होऱ्यार येवन बोलता. बहिरी म्हणान कळलां काय तांय बंद.”

“म्हणून निरोप चुकतात.”

“अर्धे चुकतत,” वयनी म्हणाल्या. “अर्धे मी बरे करून देतंय. तू कोणाक सांगू नको.”

चौथ्या दिवशी होडी यायची होती, ती आली नाही. पहाटेपासून समुद्र उसळला होता. तंबूची एक दोरी तुटली, वयनींनी ती माझ्या ओढणीनं बांधली. पाचव्या दिवशी सकाळी दुसऱ्या कॅनचा तळ दिसू लागला. वयनी मला घोटभर पाणी द्यायच्या आणि स्वतः प्यायल्याचं नुसतं नाटक करायच्या. मी घाबरले होते. त्या खडकावर उभ्या राहून समुद्राकडे बघत होत्या.

दुपारी वारा थोडा पडला आणि होडी दिसली. आत वयनींचा भाऊ होता आणि दोन टोकांना वासूभाऊ आणि रघूभाऊ. आम्ही आलो नाही म्हणून दोघे एकाच बसनं मांद्र्याला आले होते. दोघांनीही जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता. वासूभाऊंच्या तोंडाला फेस आला होता आणि रघूभाऊंनी त्यांच्या टोकाला सरकून त्यांचा खांदा घट्ट धरला होता.

“वयनी, बरी आसा मां?” वासूभाऊ होडीतूनच ओरडले.

“बरी आसंय,” वयनी गुडघाभर पाण्यात शिरत ओरडल्या. “तू कित्याक इलंय? तुका समुद्र लागलो.”

वाळूवर बसून सगळ्यांनी होडीतून आलेलं पाणी प्यायलं, पाव खाल्ले. बोलायचं तर ओरडूनच, दुसरा इलाज नव्हता. रघूभाऊंनी ओरडून सांगितलं, की कपिला गाय व्यायली, पाडी झाली. वासूभाऊ ओरडले, पाडी नव्हे, पाडा. “पाडीच. मी बघितलंय.” “तू काय बघितलंय, मी रातभर गोठ्यात होतंय.” इतक्या वर्षांनी ते एकमेकांशी बोलत होते आणि ते त्यांच्याही लक्षात आलेलं नव्हतं. मग कपाळावर पांढरा टिळा आहे, सुपारी यंदा बरी उतरलीय, तुम्ही नसलात की आमटीला चव येत नाही, असं काय काय दोघेही वयनींच्या तोंडाशी तोंड नेऊन सांगत राहिले. वयनींनी डोक्यावरचा पदर खाली घेतला होता. दोन्ही कान उघडे टाकून त्या एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या.

होडीपाशी उभा असलेला वयनींचा भाऊ ओरडला, “चला, सुकती लागली.” ओहोटी सुरू झाली होती.

कोणी उठलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, तोंडाशी हात धरून. ती मलाही स्वच्छ ऐकू आली. वयनींनी माझ्याकडे पाहिलं, काही ऐकू आलं नाही अशी मान हलवली आणि रघूभाऊंना म्हणाल्या, “हां, मगे फुडें सांग.”