आठवा बोल्ट

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बोल्टला मी घाबरत नाही! उभी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर केली. मनगटाएवढे बोल्ट आवळले, गंजून दगड झालेले सोडवले. एकदा तर साहेबांच्या खुर्चीचा निखळलेला बोल्ट, साहेब खुर्चीत बसलेले असताना, त्यांना न उठवता बसवला! त्यामुळे मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, ती गाडी आता तुमच्याने दुरुस्त होणार नाही," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी म्हणजे आमची जुनी गाडी. मुलीपेक्षा वयाने मोठी आणि स्वभावाने माझ्यासारखी. बायको गेली तेव्हापासून ती बंद आहे. रोज सकाळी मी तिच्यात जाऊन बसतो. पेपर वाचतो. शेजारची सीट रिकामी असते म्हणून चष्म्याची डबी तिथे ठेवतो. एवढंच! यात लोकांना काय बघवत नाही कोण जाणे.

"ना गाडी जागची हलते, ना तुम्ही!" मुलगी म्हणाली. "रविवारी एक माणूस येणार आहे. ओढून नेईल."

"मला?"

"गाडीला, बाबा!"

"रविवारी सकाळी मी ती स्वतः चालवत तुझ्या दारात आणतो."

"आणलीत तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही आणलीत तर किल्ली त्या माणसाची. कबूल?"

"कबूल! त्याला म्हणावं, हात हलवत परत जायची तयारी ठेव."

आता काम काय होतं ते सांगतो. इंजिनाच्या कुशीला चार नळ्यांचा एक जुडगा असतो. इंजिनातला धूर गोळा करून तो सायलेन्सरकडे पाठवतो. मेकॅनिक लोक त्याला हेडर म्हणतात. हेडर आणि इंजिन यांच्यामध्ये, फटीतून धूर फुटू नये म्हणून, एक पातळ गॅस्केट असतं. आमचं गॅस्केट दर तीन-चार वर्षांनी जळायचं, आणि दरवेळी मागच्याच कोपऱ्यात! उघडून बघावं तर तिथला बोल्टही नाही; ढिला होऊन कुठेतरी पडला असं धरून मी तोही कोरा आणायचो. मग मी तो जळका तुकडा घेऊन स्पेअरपार्टवाल्याकडे जायचो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सोलून काढायचो. "डुप्लिकेट माल विकतोस! लाज नाही वाटत?" तो शपथा घ्यायचा. मी ऐकून घ्यायचो नाही.

या वेळीही तेच. त्याला सोलला, नवं गॅस्केट आणलं, हेडर जागेवर धरला आणि आठपैकी सात बोल्ट शुक्रवारी दुपारपर्यंत आवळले. राहिला आठवा.

हा आठवा बोल्ट ज्या माणसाने तिथे ठेवला, तो मला भेटला तर मी त्याला त्याच भोकात बसवीन! वर स्टिअरिंगचा दांडा, मागे पत्रा, खाली नळी. पाना शिरला तर फिरत नाही. फिरेल असा पाना शिरत नाही. आणि माझा पंजा म्हणजे भाकरी थापायची परात!

म्हणून आमच्या घरात रीत पडली होती. सात बोल्ट माझे, आठवा बायकोचा. तिचा हात लहान. मी हाक मारली की ती हात पुसत बाहेर यायची, बोल्ट आणि पाना घ्यायची आणि म्हणायची, "तुम्ही तिकडे तोंड करा. कुणी बघत राहिलं की मला जमत नाही." मी तिकडे तोंड करायचो. थोडी खुडबुड व्हायची. मग आवाज यायचा, "झालं. चहा ठेवा."

मी कधी तपासलं नाही. पंपावर दुसऱ्याने आवळलेला प्रत्येक बोल्ट मी स्वतः पाना लावून बघायचो. पण बायकोने आवळलेला बोल्ट तपासायचा? मला त्याच घरात राहायचं होतं!

तर या वेळी आठवाही मीच लावायचं ठरवलं. शनिवारी सकाळी हाताला साबण चोळला आणि घातला आत. गेला! बोल्टचं टोक भोकापर्यंत पोचलं आणि बोल्ट सुटून खालच्या पत्र्यावर पडला. टण्ण! झाडूच्या काडीने बाहेर काढला. पुन्हा घातला. टण्ण! बोल्टच्या डोक्याला ग्रीस लावून बोटाला चिकटवला. या वेळी बोल्ट चिकटून राहिला, पण हात परत येईना.

आधी हळू ओढला. मग जोरात ओढला. मग जे तोंडात आलं ते बोललो. तेवढ्यात मेहुणा आला. हा शेजारच्याच इमारतीत राहतो आणि संकटाचा वास त्याला संकटाच्या आधी येतो.

"दाजी, काय चाललंय?"

"व्यायाम! दिसत नाही? हात अडकलाय!"

"मग काढा ना."

"अरे वा! हे मला सुचलंच नव्हतं!"

त्याने बॅटरी आणली आणि नेमकी माझ्या डोळ्यात मारली. मग माझ्या कमरेला मिठी मारून मागे खेचलं. हात तिथेच राहिला, बाकीचा मी मात्र वीतभर लांब झालो.

"तेल ओतू का?"

"ओत! पण थोडं!"

त्याने अख्खी बाटली ओतली. तेल माझ्या बाहीतून काखेत, काखेतून पॅंटमध्ये आणि तिथून बुटात गेलं. हाताला एक थेंब लागला नाही!

"तायडीला बरोबर जमायचं हे," तो बाटली पालथी करून झटकत म्हणाला.

तिथे माझा तोल गेला. इंजिनात डोकं घालून मी ओरडलो, "कुठे जाऊन बसलीस गं? एक बोल्ट राहिलाय आणि चालती झालीस? एवढी कसली घाई होती? मी काय जन्मभर इथेच वाकून उभा राहू?"

बोनेटखाली आवाज घुमतो, हे माझ्या लक्षात नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडली. त्यांना माझा फक्त मागचा भाग दिसला. त्यांनी लगेच माझ्या मुलीला फोन लावला. "अगं, तुझे बाबा आईला हाका मारत गाडीच्या तोंडात शिरलेत. अर्धे आत गेलेसुद्धा!"

मुलगी रिक्षाने आली, घरातल्या चपलांवर आली. तोवर मेहुण्याने भांडी घासायचा साबण आणून ओतला होता आणि हात सुटला होता. मी तेला-साबणाने निथळत, फेसाळत उभा होतो.

"बस झालं, बाबा!" ती म्हणाली. "उद्याची वाट नको. त्या माणसाला आजच बोलावते."

"रविवार म्हणजे रविवार! शब्द दिलायस तू! आणि फक्त एक बोल्ट राहिलाय. तुझा हात आईसारखा आहे. घाल आत आणि लाव. हवं तर मी तिकडे तोंड करतो."

हे ऐकून तिचा चेहरा विचित्र झाला. आता ही रडणार, असं मला वाटलं. आणि ती हसायला लागली! तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी काढत.

"बाबा, तो बोल्ट आईने कधी लावलाच नाही."

"काय?"

"एकदाही नाही. तिचाही हात पोचत नव्हता."

"खोटं!"

ती घरात गेली आणि शिलाई मशीनचा खणच उपसून घेऊन आली. बॉबिन, हुक, बटणं, आणि त्यांच्यात माझे बोल्ट! एकाच मापाचे, कोरे करकरीत. दर गॅस्केटला एक.

मेहुणा म्हणाला, "तायडी मोजून ठेवायची हो सगळं."

"तू गप्प बस!"

"पहिल्यांदा तिने मनापासून प्रयत्न केला होता," मुलगी सांगू लागली. "पण तुम्ही सकाळपासून इतके चिडला होता की तिने बोल्ट खिशात टाकला आणि 'झालं' म्हणाली. मग तुम्ही गाडी सुरू केलीत. फट् फट् फट्! तिला वाटलं, आता पकडले जाणार. आणि तुम्ही काय म्हणालात? 'ऐकलंस? याला म्हणतात इंजिन! आत्ता खरा आवाज मोकळा झाला!' मग कोण सांगणार तुम्हाला?"

मी तो आवाज गल्लीभर मिरवला होता हो! लोकांना थांबवून ऐकवला होता!

"आणि दुसरं म्हणजे," ती जरा मागे सरकली, "तो आवाज कोपऱ्यावरूनच ऐकू यायचा. तुम्ही यायच्या आत मी टीव्ही बंद करून पुस्तक घ्यायचे, आणि आई मावशीचा फोन ठेवून चहाला आधण ठेवायची. आई म्हणायची, असला भोंगा शोधून मिळायचा नाही, बुजवायचा कशाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी घरी आलो की मुलगी अभ्यासात आणि चहा तयार! माझ्या शिस्तीचं हे फळ, असं मी पंपावर सगळ्यांना सांगायचो. आणि त्या गॅस्केटवाल्याला मी इतकी वर्षं... मागचा कोपरा जळणार नाही तर काय होणार? तिथे बोल्टच नव्हता!

सगळ्यात मोठी चीड कसली सांगू? एवढं मोठं भांडण हाताशी आलेलं, पुरावे खणभर, आणि भांडायला ती नाही! असं भांडण घेऊन माणसाने जायचं कुठे?

मी स्पेअरपार्टवाल्याकडे गेलो. मला बघताच त्याने शटरला हात घातला.

"थांब! एक रिंगपाना दे. आणि... तुझा माल चांगला होता. चूक आमच्या घरची होती."

तो स्टुलावर बसला. "काका, तब्येत बरी आहे ना?"

घरी येऊन तो कोरा पाना मी करवतीने मधोमध कापला, तापवला आणि वाकवून त्याचा आकडा केला. बोल्टच्या डोक्याला दोरा बांधून तो भोकापर्यंत उतरवला. रागाच्या भरात माणूस काय करत नाही! संध्याकाळपर्यंत, नखाएवढं फिरवत फिरवत, आठवा बोल्ट बसला. "झालं!" मी ओरडलो. चहा कुणी ठेवला नाही. मीच ठेवला.

रविवारी सकाळी बॅटरी जोडली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. पण आवाज? आवाजच नाही! नुसती घुर्र... मांडीवर मांजर झोपल्यासारखी. फाटकातून बाहेर पडलो, तर एका कुत्र्यानेसुद्धा मान वर केली नाही. मुलीच्या दाराशी जाऊन थांबलो. वर खिडकीत कुणी नाही. पूर्वी मी कोपऱ्यावर असतानाच ती खिडकीत आलेली असायची. मी वाट बघत बसलो. हाक मारायची नाही, असं ठरवलं होतं. जिंकलेला माणूस हाका मारत नाही!

बऱ्याच वेळाने ती धावतच खाली आली. कानाला फोन. "अहो दादा, चोरीला कशी जाईल? काल तर तिथेच..." आणि मला बघून थबकली.

झालं होतं असं. ती कान लावून बसली होती. फट् फट् आली नाही, म्हणून तिने ओळखलं की गाडी सुरू झाली नाही, आणि त्या माणसाला माझ्याकडे पाठवलं. तिथे गाडी नाही! आमच्या मेहुण्यानेही काही ऐकलं नव्हतं. दाजींची गाडी न वाजता जाईलच कशी? म्हणजे चोरांनी ढकलत नेली! तो त्या ओढून नेणाऱ्या माणसालाच घेऊन पोलीस ठाण्याकडे निघाला होता. मी तिच्या हातातला फोन घेतला आणि मेहुण्याला असा झापला की समोरच्या घरातल्या खिडक्या उघडल्या. गाडीने जे केलं नाही, ते मी केलं.

मग मुलगी शेजारच्या सीटवर येऊन बसली. चष्म्याची डबी मांडीवर घेतली.

"गाडी राहील, बाबा. शब्द म्हणजे शब्द. चालू करा बघू."

केली. घुर्र...

ती ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरला. "ही आपली गाडी वाटतच नाही."

"मग काय करू? चांगली दुरुस्त झाली हा गुन्हा झाला?" मी खेकसलो. पण खरं सांगतो, मलाही फाटकापासून तेच वाटत होतं. कुणा परक्याच्या गाडीत बसल्यासारखं.

ती खाली उतरली आणि बोनेट उघडलं. इंजिन निवेपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसलो. मग माझा वाकडा पाना घेऊन तिने हात आत घातला. दांड्याच्या खालून, नळीच्या मागून, सरळ गेला तो हात! आईचाही गेला नव्हता इतका.

"बाबा, तिकडे तोंड करा."

केलं. थोडी खुडबुड झाली. बराच वेळ झाली.

"झालं. चहा ठेवा."

तिचं घर होतं, तरी मीच वर जाऊन ठेवला. मग खाली आलो आणि किल्ली फिरवली. फट् फट् फट्! कुत्री उठली, कावळे उडाले. आणि वर तिच्या घरातला टीव्ही फटकन बंद झाला. जावई दोन पुस्तकं घेऊन खिडकीत आले, त्यातलं एक उलटं धरलेलं!

तर गाडी राहिली आहे. आठवा बोल्ट त्याच्या भावंडांबरोबर खणात आहे. अडचण एकच आहे. तीन-चार वर्षांनी तो कोपरा पुन्हा जळणार, मी पुन्हा चिडणार, आणि त्या दुकानदाराची मी माफी मागून बसलोय! तेव्हा तुमच्या ओळखीत दुसरा कुणी स्पेअरपार्टवाला असेल तर कळवा. माल कसाही चालेल. माणूस जरा ऐकून घेणारा असावा.