पडण्याचे दहा मार्क

आमच्या हटवार सरांच्या परीक्षेत पहिला प्रश्न ठरलेला असे : "पड."

सर पवनीच्या आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची नुकतीच आली होती, तेव्हाची गोष्ट. धावणे, लांब उडी, गोळाफेक हे सरकारी रकाने सरांच्या वहीतही होते. पण त्यांच्याआधी सरांनी लाल शाईने स्वतःचा एक रकाना आखला होता. 'पडणे, गुण दहा'. हे अभ्यासक्रमात कुठे आहे, असं मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं.

"धुऱ्यावरून चालनारे पोट्टे हायेत, सर. पाय घसरला का अभ्यासक्रम धरते का त्याईले?"

मुख्याध्यापक स्वतः मागच्याच पावसाळ्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरून धानाच्या चिखलात बसले होते. त्यांनी विषय बदलला.

पडण्याचं सरांचं एक शास्त्र होतं. हनुवटी छातीला लावायची, हात टेकायचे नाहीत, खांद्यावर यायचं, लोळायचं, उठायचं. "डोस्कं वाचवा, बाकीचं दवाखान्यात दुरुस्त होते," हे त्यांचं ब्रीद. पहिल्या नंबराने धावणारा एखादा वीर मैदानात पसरलेल्या धानाच्या तणसावर धपकन आपटला, की त्याला खुशाल 'ब' मिळे. आणि धापा टाकत शेवटी येणारा झकास लोळून उठला, की 'अ'.

हा विषय माझ्यासाठीच काढलाय, अशी माझी खात्री होती. मी नववीत होतो, बांबूसारखा वाढलो होतो आणि वर्षभर पडतच होतो. सायकलवरून पडलो, कवायतीत उलटा वळून शेजाऱ्यावर पडलो, एकदा तर सावधानमध्ये उभा असताना पडलो. 'अ' येणार, हे मी घरी सांगूनही टाकलं होतं.

परीक्षेच्या दिवशी सर म्हणाले, "बोरकर, पड."

आणि मला पडता येईना. गुडघे ताठ, मान ताठ. मी पुढे झुकायचो आणि पाय आपोआप पुढे येऊन मला सावरायचे. जन्मात कधी सावरले नव्हते! वर्ग हसून लोळायला लागला. ते सगळे पास झाले असते.

"वर्षभर फुकटात पडून राहिला होतास," सर कडाडले, "आज मार्क भेटून राहिले त काहून अडला बे?" मग वर्ग पांगल्यावर मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तू पडेस्तोवर मी वर्गाची यादीच देत नाही. उद्यापासून सुट्ट्या हायेत, रोज संध्याकाळी रेतीत ये."

झालं! माझ्या एकट्यामुळे बेचाळीस जणांचा निकाल अडणार. हे पोरांना कळलं असतं, तर त्यांनी मला न शिकवता पाडलं असतं. मी तोंड शिवून वैनगंगेच्या रेतीत जायला लागलो. पन्नाशीचे सर पांढऱ्या हाफपँटवर स्वतः पडून दाखवायचे, उठून रेती झटकायचे आणि म्हणायचे, "आता तू."

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी पडलो. खांदा, पाठ, लोळण, आणि उभा! मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सरांनी डोळे बारीक केले. "कच्चं हाये. उद्या ये."

मग रोजच 'उद्या ये'. आधी संध्याकाळी वीस वेळा पडायचो, मग पाच वेळा, मग दोनदा. मधे सर नदीतल्या डांगराच्या वाडीतून एक डांगर, म्हणजे खरबूज, आणत, गुडघ्यावर फोडत आणि बोलत बसत. माझ्या हाडांना विश्रांती देताहेत, असा माझा समज. बोलणं बहुतेक मंदाचं. मंदा त्यांची एकुलती मुलगी. ती लहान असतानाच तिची आई गेलेली. त्याच फाल्गुनात लग्न होऊन ती बालाघाटला गेली होती. "मंदी असती त आता हाका मारून राहिली असती, 'बाबा, चहा निवला' म्हणून," असं म्हणून ते पुन्हा एक फोड माझ्या हातात देत.

अकराव्या दिवशी मला राहवेना. शाळेच्या बाबूंकडे गेलो आणि कबुली दिली, "बाबूजी, हटवार सरांची यादी माझ्यामुळे अडली आहे."

"कोनती यादी बे? ते त मागच्या शनिवारीच देऊन गेले." त्यांनी कागद पुढे केला. "तुले 'ब' हाये. जाय घरी, पेढे वाट."

मी हिशेब केला. शुक्रवारी पडलो होतो, शनिवारी यादी गेली होती. वर्गात आठ नव्वे बहात्तर यायला मला एक वर्ष लागलं होतं, पण हे गणित शाळेच्या फाटकापर्यंत सुटलं. आधी राग आला. आठवडाभर माझी हाडं उगाच शेकली की! संध्याकाळी जायचं नाही, असं ठरवून मी सायकल काढली आणि ती रेतीकडेच गेली.

सर आधीच येऊन बसले होते. माझी चाहूल लागताच लगबगीने उठले, शिटी गळ्यात घातली.

"चाल. पड."

मी गुडघे ताठ केले, मान ताठ केली. झुकलो, सावरलो. पुन्हा झुकलो, पुन्हा सावरलो.

सर माझ्याकडे बघत राहिले. मी रेतीकडे बघत होतो.

"जमून नाही राहिलं, सर," मी म्हटलं. "उद्या येऊ का?"

सर सावकाश खाली बसले, शेजारची रेती हाताने सपाट केली.

"ये," ते म्हणाले. "सुट्ट्या लय बाकी हायेत अजून. बस."