जपानी भाषेतून अनुवादित

इझेव्हस्कच्या अग्लाया कोचेर्गिनाने तीनशे पानांची चित्रकथा काढली, तीही जपानी धाटणीची, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायची. यात बेकायदेशीर काही नव्हतं. तिची आई क्लावदिया वाचनालयात ग्रंथपाल होती. लेकीच्या पुस्तकासाठी तिने 'क'च्या फळीवर दोन बोटं जागा सात वर्षं अडवून धरली होती; तपासणीला कुणी आलं की तिथे फुलदाणी ठेवायची. अग्लायाला हवं होतं ते एवढंच, त्या दोन बोटांत आपलं नाव.

मॉस्कोचे संपादक रोदियोन ग्लेबोविच पानं चाळून म्हणाले, "चित्रं झकास! नावाचं तेवढं बघा."

"नावाला काय झालं?"

"अहो अग्लाया पेत्रोव्हना, कोचेर्गिना म्हटलं की डोळ्यांसमोर काकडीच्या लोणच्याची बरणी येते. जपानी नाव लावू."

'हारुमी शिराइशी' या नावाने पुस्तक निघालं. आता जपानी पुस्तक म्हटल्यावर अनुवादक दाखवावा लागतो. म्हणून शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात छापलं, 'अनुवाद : अ. कोचेर्गिना'. आईने भिंग लावून ते वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "पण पुस्तक लेखकाच्या अक्षरावर लागतं गं बाळा." पुस्तक 'श'वर गेलं. फुलदाणी राहिली.

पुस्तक धो धो खपलं आणि वाचक खवळले. शिराइशीबाईंच्या मूळ जपानी तरलतेचा या बाईने पार खिमा केला, असा बाराशे सह्यांचा अर्ज आला. वाचकांच्या भावनांचा आदर राखून प्रकाशनाने अनुवादिकेला काढून टाकलं.

"अहो, पण मी अनुवाद केलेलाच नाही!" अग्लाया ओरडली.

"मग तर आरोप आणखी गंभीर होतो," रोदियोन ग्लेबोविच शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या भागाला पदवीधर अनुवादक नेमला. त्याने रीतसर मूळ जपानी संहिता मागितली. मग अग्लायाचा रशियन मजकूर एकाकडून जपानीत करून घेतला आणि याने तो परत रशियनमध्ये आणला. 'आजी, कोबीचे पिरोझ्की वाढ' या कोबी भरलेले पाव मागणाऱ्या साध्या वाक्याचं परतताना 'आदरणीय वृद्धे, पानांत निजलेला मेघ दे' असं झालं. समीक्षक गहिवरले. अनुवादकाला पारितोषिक मिळालं.

अग्लायाचं डोकंच फिरलं. तिसरा भाग तिने स्वतःच्या नावाने, पदरमोड करून छापला आणि चित्रकथांच्या जत्रेत टेबल मांडून बसली. छातीवर शिराइशीचा बिल्ला लावलेली एक मुलगी थांबली.

"ताई, हात चांगलाय तुमचा. पण ही शिराइशीबाईंची सरळसरळ नक्कल आहे. लाज नाही वाटत?"

"अगं, मीच शिराइशी!"

"हो का? आणि मी झारची मावशी!" मुलीने तक्रार केली. वाङ्मयचौर्याच्या कारणावरून आयोजकांनी दुपारच्या आत टेबल उचलायला लावलं.

क्लावदियाने मात्र फुलदाणी काढली आणि त्या दोन बोटांत पुस्तक बसवलं. चपखल बसलं. वर्षभरात ते एकाच वाचकाने घरी नेलं, आणि पुस्तकाच्या कार्डावर सही होती क्लावदियाची.

'काय एकेक माणसं असतात!' असं म्हणून तुम्ही कपाळाला हात लावला असेल. लावा. पण जरा वर शीर्षकाकडेही बघा. तिथे जपानीचं नाव न काढता नुसतं 'अग्लाया कोचेर्गिना' लिहिलं असतं, तर तुम्ही थांबला असतात? खरं सांगा.