सासूबाईंचा ब्रेक

घरच्या माणसांना मत विचारू नये. विचारल्यावाचून राहवतच नसेल तर निदान जेवणाआधी विचारू नये. कुमासी शहरातल्या क्वासी ओदुरोने या दोन्ही चुका एकाच रविवारी केल्या.

ओदुरो एका मोटार कंपनीत हेडक्लार्क होता. (कंपनीत दुसरा क्लार्क नव्हता, पण 'हेड' हा शब्द त्याने अर्ज करून मिळवला होता.) कंपनीचे डायरेक्टर लार्टेसाहेब नुकतेच परदेशात जाऊन एक विचार घेऊन आले होते. विचार असा की, गाडी कशी असावी हे इंजिनियरने ठरवायचं नाही, गाडीत बसणाऱ्यांनी ठरवायचं. "गाडी कंपनीची नाही, लोकांची आहे!" असं म्हणून ते टेबलावर मूठ आपटत, आणि ओदुरो फडकं घेऊन सांडलेला चहा पुसे. प्रत्येक नोकराने आपल्या वस्तीत एक ग्राहक मंडळ जमवायचं, मंडळाने एक गाडी सुचवायची, आणि ज्या मंडळाची गाडी पसंत पडेल तिचा नमुना मंडळाच्याच देखरेखीखाली बांधायचा, असं ठरलं. त्या मंडळाच्या चिटणिसाला, म्हणजे ते जमवणाऱ्या नोकराला, बढती.

आता ओदुरोच्या मनात एक गाडी आधीपासूनच तयार होती. लाल, बुटकी, दोन दारांची. तो चालवतोय, शेजारी बायको सेरवा, आणि मागे काहीच नाही. (सासूबाईंना बसायला जागाच नाही, हेच त्या गाडीचं खरं सौंदर्य.) त्याने तिचं सुबक चित्र काढलं आणि विचार केला, बाहेरची माणसं कशाला? ती भलतंच काहीतरी मागतील. आपल्याच अंगणात मंडळ बसवू, चित्र पुढे करू, माना डोलवून घेऊ.

'आपल्याच अंगणात' हे त्याने मनातल्या मनात म्हटलं होतं. एरवी अंगण सासूबाईंचं होतं. घर सासूबाईंचं, पाण्याची टाकी सासूबाईंची, बायकोही मूळची त्यांचीच. ओदुरोची म्हणावी अशी त्या घरात एक छत्री होती.

सासूबाईंचं नाव मामे पोकुआ. केजेतियाच्या बाजारात यामच्या कंदांचा ठोक व्यापार. ट्रकवाले त्यांना बघून आपोआप हॉर्न बंद करत. त्या रविवारी, फुफूसाठी उकडलेले कंद कांडायच्या उखळापाशी त्या स्टूल टाकून बसल्या होत्या, सेरवा आणि शिवणकाम करणारी भाडेकरू अदोमा आलटून पालटून मुसळ घालत होत्या, आणि दुसरे भाडेकरू, निवृत्त हेडमास्तर अंपोफो, सूप कधी होतंय याची वाट बघत वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत होते.

"मंडळींनो, ही गाडी," ओदुरोने चित्र पुढे धरलं. "आवडली ना? मग हात वर करा, म्हणजे झालं."

"थांब. अध्यक्ष कोण?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अध्यक्ष नको मास्तर, घरचीच तर—"

"मी," सासूबाई म्हणाल्या. अध्यक्षपदाची निवडणूक पार पडली.

"आण इकडे तो कागद. ही काय गाडी? हिच्यात याम कुठे ठेवायचे?"

"मामे, ही यामची गाडी नाही. दोन माणसांची आहे."

"दोन? आणि बाकीच्यांनी पळत यायचं?"

अदोमा मुसळ टेकून म्हणाली, "छत किती बुटकं! शनिवारी मयताला जाताना डोक्याला रुमाल बांधायचा की नाही? घरी तासभर बांधा आणि गाडीत बसून चपटा करा."

"शिवाय माणसं वाढवली तरी सगळे एकामागे एक, पुढच्याच्या मानेकडे बघत बसणार," मास्तर म्हणाले. "संभाषण कसं होणार? बाकं समोरासमोर हवीत."

"मास्तर, ही वर्गखोली नाही हो!"

"वर्गखोली असती तर तुला बाकावर उभं केलं असतं."

सासूबाईंनी चित्र उलटं करून त्यावर तळलेली केळी निथळत ठेवली आणि खडू मागवला. कागदावरचं आपल्याला कळत नाही, गाडी जमिनीवर काढा, म्हणाल्या. मग अंगणातल्या सिमेंटवर गाडी आखली गेली. स्टुलं मांडून माणसं तिच्यात बसली. बसल्यावर पाय लांब करावेसे वाटले, म्हणून रेघ पुढे सरकली. यामसाठी मागे सरकली. मयताला न्यायच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसाठी वर टप आला, टपावर चढायला शिडी आली. अदोमाने आरसा मागितला. दर सूचनेला सासूबाई "हात वर!" म्हणत, आणि ओदुरो सोडून सगळ्यांचे हात वर होत. संध्याकाळपर्यंत गाडीचं नाक न्हाणीघरात आणि शेपूट शेजाऱ्यांच्या कोंबड्यांत गेलं होतं.

"सेरवा, तू तरी!" ओदुरो केविलवाणं म्हणाला.

"मी खिडकी मागितली. तुझ्या गाडीत उघडणारी खिडकी तरी होती का?"

नव्हती. चित्रात काढायची राहिली होती.

ही गाडी नापसंत होणार, याबद्दल ओदुरोला शंका नव्हती. त्याने ती कागदावर उतरवली, मान खाली घालून कंपनीत सादर केली आणि तो जागेवर जाऊन बसला. पण झालं भलतंच. बाकीच्या सगळ्या मंडळांनी लाल, बुटक्या, दोन दारांच्या गाड्या सुचवल्या होत्या! लार्टेसाहेब भडकले. "ही नोकरांनी स्वतः काढलेली चित्रं आहेत! मला फसवता?" मग ओदुरोचा कागद हातात घेऊन त्यांचे डोळे पाणावले. "ही बघा. ही खरी लोकांची. मोटारीतलं ज्याला काडीचंही कळतं, असा माणूस ही गाडी सुचवूच शकत नाही."

नमुना बांधायचं काम सुआमे या गॅरेजांच्या वस्तीतल्या अकोतो फिटरकडे गेलं. सुआमेत जुन्या व्हॅनचे सांगाडे कापून, जोडून, ठोकून हवी ती गाडी उभी करतात, आणि अकोतो तर गिऱ्हाइकाला कधीच 'नाही' म्हणत नसे. त्याला तो शब्द कामात अडथळा वाटे. दर शनिवारी मंडळ देखरेखीला जाई. अदोमा गाद्यांच्या खोळी शिवून आणी. मास्तर बाकावर बसून पाहात आणि आणखी चार बोटं रुंदी मागत. सेरवा इंजिनाभोवती घुटमळे. सासूबाई स्टुलावर बसून अकोतोला जेवायला घालत आणि त्याच्या कानात काहीबाही सांगत. ओदुरो प्रत्येक बदलाला विरोध नोंदवी आणि प्रत्येक मतदानात पडे.

पण बाजारभर बोलबाला झाला होता. "माझा जावई मोटार बनवतोय," असं सासूबाई गिऱ्हाइकांना सांगत. हे कानावर आलं तेव्हा ओदुरो क्षणभर चालायचाच थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंच्या वाक्यात 'माझा' आणि 'जावई' हे शब्द शेजारी शेजारी कधी आले नव्हते. आता ही गाडी चालली नाही, तर बढतीचं सोडाच, घरात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

उद्घाटनाचा दिवस आला. कंपनीच्या फाटकापाशी मांडव पडला, पाहुणे आले. नमुना चिटणिसाने स्वतः चालवत आणायचा, आत सगळं मंडळ, असा लार्टेसाहेबांचा हुकूम होता. ओदुरो कडक इस्त्रीचा शर्ट घालून सुआमेत पोचला. गाडी खरोखर देखणी झाली होती. पिवळीधमक, उंच, आरशाची, शिडीची. त्याने पुढचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"अकोतो, ड्रायव्हरची सीट कुठंय?"

अकोतोने डोकं खाजवलं. "ती कुणी सांगितलीच नाही, बॉस."

"सांगायला कशाला हवी?"

"तुम्हीच म्हणालात ना, मंडळ सांगेल तेवढंच करायचं? मंडळात सगळे मागे बसणारे."

खरंच होतं. जन्मभर ट्रोट्रोत, म्हणजे भाड्याच्या व्हॅनमध्ये, कोंबून प्रवास केलेली ती माणसं. ड्रायव्हर हा प्राणी गाडीबरोबर आपोआप येतो, अशीच सगळ्यांची समजूत. मास्तरांचं बाक रुंद होत होत पार स्टिअरिंगला भिडलं होतं. शेवटी अकोतोने कुठूनसं स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल आणून त्या फटीत ठोकलं. ओदुरो बसला तेव्हा त्याचे गुडघे कानांना लागले आणि समोरची काच डोळ्यांपासून सुरू झाली.

"आणि हा दांडा कसला?" त्याने शेजारी विचारलं. तिथे सासूबाई एका प्रशस्त खुर्चीत विराजमान होत्या.

"ब्रेक," सासूबाई म्हणाल्या. "माझा."

"मामे, ब्रेक माझ्या पायाखाली आहे!"

"असू दे ना. मी कुठे काढ म्हटलं?"

गाडी निघाली. ती निघाली याचंच ओदुरोला इतकं नवल वाटलं की पहिल्या वळणापर्यंत तो आनंदात होता. मागून सूचना सुरू झाल्या. "डावीकडून घे!" "अरे, उजवीकडून सावली आहे!" "मतदान घ्या!" केजेतियाच्या चौकात गाडी ऐन मध्यावर आली आणि सासूबाईंना टोमॅटोवाली आफ्रिये दिसली. या आफ्रियेने 'जावई मोटार बनवतोय' हे ऐकून चारचौघींत नाक मुरडलं होतं. सासूबाईंनी दांडा ओढला.

ब्रेक उत्तम होता. मास्तर वर्तमानपत्रासकट अदोमाच्या मांडीवर गेले. चारी दिशांनी हॉर्न वाजू लागले.

"बघ आफ्रिये! डोळे भरून बघ!"

आफ्रियेने पाहिलं. उंच गाडी, समोरासमोर बाकं, टपाला शिडी, मागे मालाला जागा. तिने जी टोपली उचलली ती थेट आतच ठेवली. "ताफोला जाते ना?"

"नाही, नाही!" ओदुरो ओरडला, पण त्याचं तोंड काचेखाली असल्यामुळे बाहेर फक्त केस दिसले. आफ्रियेच्या मागून माशाच्या पाट्या आल्या, कांद्याची पोती आली, एक बोकड आला. अदोमाने हात पुढे करून भाडं घ्यायला सुरुवात केली. (ती म्हणे सवयीने.)

"मामे, आपल्याला कंपनीत जायचंय! पाहुणे थांबलेत!"

"बाया उन्हात थांबल्या त्याचं काय? ताफोला जायचं, हात वर!"

या वेळी ओदुरो आणि बोकड सोडून सगळ्यांचे हात वर झाले. इतक्यात फोन वाजला. सेरवाने तो नवऱ्याच्या कानाला लावला.

"ओदुरो, कुठे आहात?" लार्टेसाहेब.

"साहेब, ग्राहकांबरोबर."

"किती आहेत?"

"मागे वळता येत नाही, साहेब. पण श्वास घेता येत नाही म्हणजे बरेच असावेत."

ताफोला गाडी पोचली. बायका शांतपणे, वाकल्यावाचून, रुमाल न चुरगळता उतरल्या आणि उद्या किती वाजता येणार म्हणून विचारू लागल्या. ओदुरोला मात्र उतरता येईना. दोन्ही पायांना अशा मुंग्या आल्या होत्या की पाय आपले आहेत की बोकडाचे, हेही कळेना. अकोतोला बोलवावं तर फोन संपलेला. उद्घाटन बुडालं, नोकरी गेली, असं म्हणून त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न वाजत राहिला.

"सरक," सेरवा म्हणाली.

"तुला कुठे येतं?"

"अकोतोने शिकवलं. तू मतदानात हरायचास ना, तेव्हा मी मागच्या मैदानात फेऱ्या मारायचे."

तिने नवऱ्याला उचलून मागे राहिलेल्या कांद्याच्या पोत्यावर ठेवलं आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी कंपनीच्या फाटकात नेऊन उभी केली. सोबत परतीच्या वाटेवरचे उतारूही होते. ते उतरलेले पाहून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लार्टेसाहेबांना भरून आलं. त्यांनी लोकांच्या शहाणपणावर मोठं भाषण केलं, सासूबाईंना हार घातला आणि भाषणाच्या शेवटी कंपनीच्या नव्या गाडीवरची चादर ओढली.

खाली लाल, बुटकी, दोन दारांची गाडी होती.

"साहेब," ओदुरो चाचरत म्हणाला, "ही कधी ठरली?"

"गेल्या वर्षीच. सुटे भाग बोटीने यायला वेळ लागतो हो."

"मग लोकांना विचारलं ते?"

"विचारणं महत्त्वाचं होतं!" साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

नमुन्याच्या गाडीचं कंपनीला काही करायचं नव्हतं, म्हणून ती आठवण म्हणून मंडळाला भेट मिळाली. बढती वरच्या सभेत विचाराधीन राहिली. मंडळाने मात्र वेळ घालवला नाही. पुढच्याच आठवड्यात, रीतसर परवाना काढून, पिवळी गाडी केजेतिया ते ताफो धावू लागली. सेरवासाठी चांगली सीट बसवली, एकमताने. सासूबाई ब्रेकपाशी. ओदुरो सकाळी कंपनीत जायच्या आधी एक फेरी करे. त्याचं काम काय, तर दारात दांडीला लोंबकळून "ताफो! ताफो!" असं ओरडायचं. बाकी सगळ्या जागा भरलेल्या असत.

महिनाभराने त्याने धीर केला. चालत्या गाडीतच, वाऱ्याशी झगडत, त्याने पहिला ठराव मांडला, की चिटणिसाला आत बसायला जागा मिळावी, निदान स्टुलाएवढी.

"ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

ओदुरोने उत्साहाने दोन्ही हात वर केले.

तो रस्त्याकडेच्या गटारात उठून बसला तेव्हा पिवळी गाडी पुढे चालली होती. उघड्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज स्पष्ट आला, "ओदुरो पडला. गाडी थांबवायची का? हात वर!"

ओदुरो चिखलात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. पण गाडीबाहेरच्या माणसाला मताचा अधिकार नव्हता.