तुसाची भिंत

साकोलीच्या नव्या सरकारी जोडक्वार्टरांबाबत वरून परिपत्रक आले होते : मधल्या भिंतीतून एका घरातला आवाज दुसऱ्या घरात जाता कामा नये. ओव्हरसियर यादोरावांना ते मनावर घेणे भागच होते. दोहोंपैकी एक क्वार्टर त्यांनाच मिळायचे होते, आणि पत्नी कुंताबाई दोन वर्षे भाड्याच्या एका खोलीत त्या दिवसाची वाट पाहत होत्या.

"दोन पातळ भिंती घ्या, मधात धानाचा तूस भरा," गोमाजी मिस्त्रींनी उपाय सांगितला. "आवाज काय, वारा बी नाही जात."

तसेच झाले. भिंत वरून लिंपून बंद केली. यादोराव एका बाजूने घसा फुटेस्तोवर ओरडले, पलीकडे गोमाजी निवांत बिडी ओढत बसले होते. कुंताबाईंनी भांडी बांधायला घेतली.

पंधरा दिवसांनी मोठे साहेब तपासणीला आले. शिपायाने पलीकडे थाळी बडवली, अलीकडे शांतता. साहेब प्रसन्न होऊन पेन उघडणार, तोच भिंतीच्या पोटातून आवाज आला : खर्र, खर्र.

यादोरावांनी गोमाजींना बाजूला ओढले. "मिस्त्री, तुसात उंदीर? खायले काय हाय त्यात?"

"हाय ना. पायलीभर धान टाकलं मी."

"काहून?"

"नुसत्या तुसानं कोनाचं घर भरावं काय, साहेब? राहणाऱ्याले बरकत कशी येईन?"

राहणारे आपणच, हे आठवून यादोरावांना धड रागावताही येईना.

मोठ्या साहेबांनी परिपत्रक पुन्हा वाचले. "शेजाऱ्याचा आवाज येऊ नये, एवढंच लिहिलं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "भिंतीच्या स्वतःच्या आवाजाचा उल्लेख नाही." आणि त्यांनी सही केली.

राहायला आल्याच्या तिसऱ्या दुपारी कुंताबाई करवादल्या, "आयकून राहिले का? शेजारच्या चंद्रभागाबाईची मांजर मांगून आणा. भिंत ठोकून ठोकून थकली मी, बाईले आयकूच जात नाही!"

"जाणारच नाही," यादोराव अभिमानाने म्हणाले आणि चपला घालून निघाले.

अंगणातच चंद्रभागाबाईंचे यजमान भैयाजी समोरून आले. चेहरा ओढलेला, हात जोडलेले.

"राग नका मानू, साहेब. पण वहिनी तीन दिवसांपासून खर्र खर्र दळूनच राहिल्या. आमच्याकडं सारं आयकू येते. ही भिंत पास तरी कशी झाली जी?"