मल्हारीची पांढरी कार्डं

कलेमुळं माणसाची दृष्टी विशाल होते, असं मी जळकोटच्या हायस्कुलात एकतीस वर्षं शिकवत आलो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी फक्त एकाची दृष्टी खरोखर विशाल झाली. त्याला आता साध्या बाकड्यावर धड बसता येत नाही.

मल्हारी बसण्याआधी बाकड्याभोवती एक फेरी मारतो. खाली वाकून खिळे मोजतो. मग टपरीवाल्या दिलीपला विचारतो, "केलं कुणी?"

दिलीपला ठाऊक नसतं. ते त्याच्या वडिलांना ठाऊक असतं, पण वडील सोलापूरला मुलीकडं गेलेले असतात. मल्हारी त्यांना फोन लावतो, तिथून अणदूरच्या एका सुतारापर्यंत पोचतो आणि चार दिवसांनी टपरीच्या खांबावर छातीच्या उंचीला एक छोटं पांढरं कार्ड चिकटवतो. त्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं असतं, "बाकडं. बाभूळ, अकरा खिळे (एक नवा). करणारा : हणमंत सुतार, अणदूर."

"गिऱ्हाईक आता बसायच्या आदुगर वाचतंय," दिलीप मला म्हणाला. "वाचून झालं की त्याला वाटतंय काम झालं. जातंय निघून."

मल्हारी एकोणतीस वर्षांचा आहे. त्याचं घर माझ्या घराच्या मागं. वडील मेंढरं राखतात, आई सोजराबाई शेतात जाते आणि उन्हाळ्यात जुन्या कपड्यांच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवते. शाळेत असताना हा माझ्या प्रश्नपत्रिकेच्या समासात मेंढ्या काढायचा. उत्तरांपेक्षा मेंढ्या बऱ्या असायच्या. पुढं पुण्याला चित्रकलेचं शिक्षण झालं, मग शिष्यवृत्ती मिळाली आणि तो डिझाइन शिकायला दोन वर्षं रॉटरडॅमला गेला. शिफारसपत्र मीच लिहिलं होतं. त्यात मी त्याला 'असामान्य' म्हटलं होतं. तेव्हा मला ते पुरेसं ठाऊक नव्हतं.

आता तो घरात लॅपटॉपवर पुण्यातल्या कंपन्यांसाठी डबे आणि पाकिटं सजवतो. गावाच्या भाषेत तो 'घरीच असतो.' मुलीचं स्थळ घेऊन येणारे पाहुणे हे वाक्य ऐकून चहा अर्धा ठेवून उठतात.

युरोपातल्या त्याच्या आठवणी इतरांच्या आठवणींसारख्या नाहीत. मनोरे, पूल, बर्फ यातलं त्याला काही आठवत नाही.

"सर, मिलानला एका खोलीत एकच खुर्ची होती," तो सांगतो. "मी दमलो होतो, बसलो. गार्ड पळत आला, म्हणला उठा. म्हणलं, खुर्चीच हाय की. म्हणला, ही बसायची खुर्ची न्हाई. मग बसू कुठं? त्यानं कोपऱ्यातलं बाकडं दावलं. त्या बाकड्याला कुणाचंच नाव नव्हतं, सर. मला त्याचंच लई वाईट वाटलं."

बर्लिनमध्ये त्यानं पाऊण तास एक भिंत पाहिली. कलावंतानं वरचा रंग खरवडून आतले जुने थर उघडे केले होते. आमच्या शाळेच्या भिंती हेच काम वर्षानुवर्षं करत आहेत, तेही विनाअनुदान. कोपनहेगनला त्यानं काचेच्या पेटीत एक चमचा पाहिला. "साधा चमचा, सर. शेजारी करणाऱ्याचं नाव, जन्मसाल, मृत्युसाल. आपल्याकडं माणूस गेल्यावर बी एवढं लिहीत न्हाईत."

मी हे सगळं माफक हसून ऐकत असे. माफक हसणं हा शिक्षकी पेशातून मला लागलेला दोष आहे.

परतल्यावर त्यानं गावात पहिलं काम केलं ते एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरचं. आमच्याकडं अशा बॅनरवर पुढारी मध्ये असतो आणि भोवती चाळीस शुभेच्छुकांची तोंडं दाटीवाटीनं बसवलेली असतात. मल्हारीनं पुढाऱ्याचा एक लहानसा फोटो खाली डाव्या कोपऱ्यात घेतला, वर दोन शब्दांच्या शुभेच्छा दिल्या आणि बाकी सगळा बॅनर पांढरा सोडला. "जागेला श्वास घेऊ द्यावा लागतो," असं त्यानं कार्यकर्त्यांना समजावलं.

सकाळी बॅनर चौकात लागला. दुपारपर्यंत गावात चर्चा सुरू झाली की एवढी जागा रिकामी आहे म्हणजे कुणाचे तरी फोटो ऐनवेळी काढले आहेत. कुणाचे, यावर दोन गट पडले. संध्याकाळी एका माजी सरपंचानं राजीनामा दिला. कशाचा ते कळलं नाही, कारण त्याच्याकडं कुठलंच पद नव्हतं.

त्यानंतर त्याला कुणी बॅनर सांगितला नाही, आणि तो पूर्णपणे कार्डांकडं वळला. पिठाच्या गिरणीची पायरी, देवळापुढचा कट्टा, मेंढरांच्या वाड्याचं फाटक. प्रत्येक ठिकाणी आधी "केलं कुणी?" ही चौकशी, मग कार्ड. कट्ट्यावर दोन गवंड्यांनी हक्क सांगितला तेव्हा त्यानं दोघांना शेजारी उभं करून कुणी कुठली वीट लावली ते विचारलं आणि कार्डावर मधोमध रेघ मारून दोघांची नावं लिहिली. गल्लीतल्या काशीबाईनं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. "सगळ्या गावाला लावतूस, माझ्या चुलीनं काय घोडं मारलंय?" त्यानं चुलीपुढं उकिडवं बसून लिहिलं, "चूल. माती, शेण, भुसा. करणारी : काशीबाई." ते कार्ड तिनं चुलीशेजारी लावलं नाही. धूर लागेल म्हणून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं.

मी मित्रांमध्ये याची नक्कल करून दाखवत असे. नक्कल चांगली व्हायची.

गेल्या हिवाळ्यात मी काही कामासाठी त्याच्या घरी गेलो. घरभर कार्डं होती. रांजणाला, उखळाला, दाराच्या कडीलासुद्धा. बाजेवर सोजराबाईनं शिवलेली नवी वाकळ पसरलेली होती. तिला मात्र कार्ड नव्हतं.

"आणि ही? ही कुणी केली ते सापडलं नाही वाटतं?" मी माफक हसून विचारलं.

मल्हारी उठला, आई मागं परड्यात आहे हे त्यानं पाहून घेतलं आणि दार लोटलं.

"सर, रॉटरडॅमहून म्या तुमाला एकदा फोन केलता. आठवतं का?"

मला आठवत नव्हतं. त्यानं सांगितलं आणि मग आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं.

तिकडं जाताना सोजराबाईनं त्याला एक वाकळ दिली होती. त्यात तिची चार लुगडी होती, नवऱ्याचे दोन फेटे होते आणि मल्हारीची शाळेची खाकी चड्डी होती. शेवटच्या वर्षी प्रदर्शन आलं तेव्हा मल्हारीला स्वतःचं एकही काम भिंतीवर लावावंसं वाटेना. त्यानं ती वाकळ लावली. लोक तिच्यापुढं थांबायला लागले. तिथल्या एका संग्रहालयानं ती कायमची मागून घेतली आणि शेजारच्या कार्डासाठी करणाऱ्याचं नाव विचारलं. त्यानं मला फोन केला, कारण कुठं काय लिहावं हे तो लहानपणापासून मलाच विचारत आला होता.

मी तेव्हा ओसरीत शेंगा फोडत बसलो होतो. प्रश्न मला फार आवडला होता.

"अज्ञात लिही," मी म्हणालो होतो. "लेण्यांखाली कुणाची नावं असतात का? अज्ञात म्हटलं की वस्तूला एकदम वजन येतं."

"पर मायनं शिवलीया, सर."

"म्हणूनच सांगतो. आईचं नाव घातलंस तर घरगुती वाटेल."

त्यानं 'अज्ञात' लिहिलं. शिक्षकाचं ऐकणारा तो माझा शेवटचा विद्यार्थी असावा.

गावी आल्यावर आईनं पहिल्याच दिवशी बॅग उपसली आणि विचारलं, "वाकळ कुठाय?"

"तिकडं भितीला लावलीया, माय."

"भितीला? भितीला थंडी वाजती व्हय तिकडं?"

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. सोजराबाईला वाचता येत नाही, पण फोटोत वाकळीशेजारचं पांढरं कार्ड तिनं बरोबर हेरलं. त्यावर काय लिहिलंय म्हणून विचारलं.

"म्या वाचलं, 'वाकळ. सुती कापड, दोरा.' अन् थांबलो," मल्हारी म्हणाला. "ती म्हणली, आन? म्हणलं, बस, एवढंच. ती म्हणली, बरं हाय, तेवढंच असतंय की."

त्यानंतर दोन वर्षं तो संग्रहालयाला पत्रं लिहीत होता. आईच्या हयातीत त्या कार्डावर तिचं नाव यावं, एवढीच त्याची मागणी होती. तिकडून दर वेळी अत्यंत सभ्य भाषेत पुराव्याची विचारणा व्हायची. ज्यानं स्वतः 'अज्ञात' लिहून दिलं, त्यालाच आता ओळख कशी पटली, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

मी कामाला लागलो. पश्चात्तापाच्या वेळी मला मसुदे चांगले सुचतात. ग्रामपंचायतीचा दाखला मीच लिहिला, "सदर वाकळ ही सोजराबाई यांनीच शिवली असून सबब दाखला दिला असे." ग्रामसेवकानं गोल शिक्का मारला. संग्रहालयानं शिक्का फार सुंदर असल्याचं कळवलं आणि आणखी काही पुरावा आहे का असं विचारलं.

शेवटी आम्ही सोजराबाईलाच विचारलं. खरं कारण सांगितलं नाही. मी म्हणालो, "सोजराबाई, तुमची वाकळ हजारात ओळखायची झाली, तर कशी ओळखायची?"

ती शेंगदाण्याचं कूट करत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्येला काय वळखायचं, सर. उजवा कोपरा चाचपून बगा म्हणावं. ज्वारी हाय आत."

"ज्वारी?"

"शेवटचा टाका घालायच्या आदुगर चार दाणं घालत्यात. वाकळ उपाशी ठिवत न्हाईत. माझी माय पाच घालायची, म्या सात घालतिया." मग मल्हारीकडं बघून म्हणाली, "उपाशी वाकळीत ऊब ऱ्हात न्हाई. तुला लांब जायचं व्हतं."

मल्हारी उठून आत गेला. त्यानं त्याच दुपारी पत्र पाठवलं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. त्यानं ते मला ओसरीत वाचून दाखवलं. त्यांनी कोपऱ्याची शिवण उसवली होती. आत सात दाणे सापडले. पुरावा पटला, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं. नव्या कार्डाचा फोटोही जोडला होता, आणि त्यावर सोजराबाईचं आणि जळकोटचं, ही दोन्ही नावं ठळक होती. मी "वा" म्हणालो.

"फुडं ऐका," मल्हारी म्हणाला. धान्यामुळं संग्रहातल्या इतर वस्त्रांना कीड लागण्याचा धोका होता, म्हणून दाणे नियमाप्रमाणं नष्ट केले होते. ही बाब वेळीच लक्षात आणून दिल्याबद्दल त्यांनी मल्हारीचे मनापासून आभार मानले होते.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. सोजराबाई त्याही दिवशी कूट करत होती. त्यानं आईला कार्डाचा फोटो दाखवला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. सोजराबाईनं स्वतःचं नाव ऐकलं, पदर नीट केला आणि विचारलं, "ज्वारी घावली म्हण की."

"घावली."

"किती?"

"सात."

"परत घातली नव्हं आत?"

मल्हारीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या शब्दाला त्या घरात अजून किंमत होती, म्हणून मी होकारार्थी मान हलवली.

"घातली," मल्हारी म्हणाला.

ती कुटाकडं वळली. पत्राच्या शेवटी दिल्याप्रमाणं वाकळ त्या वेळी कीड मारण्यासाठी उणे तीस अंशांत ठेवलेली होती, आणि आणखी दोन आठवडे तिथंच राहणार होती.